जड वस्तू आधी पडते का?

रत्नागिरीत पडणाऱ्या वस्तूंना तोटा नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वैशाखात वारा सुटला की कलमांखाली आंब्यांचा खच पडतो. माडांवरून बारा महिने नारळ आणि झावळ्या पडतात. घाटात आणि रेल्वेच्या कटिंगमध्ये दरडी येतात. यातली प्रत्येक वस्तू आपापल्या चालीने खाली येते. नारळ धप्पकन आदळतो, सुकी झावळी हेलकावे खात उतरते, फणसाचे पान गिरक्या घेत भलतीकडेच जाऊन बसते. आणि याच जिल्ह्यातला दहावीचा विद्यार्थी विज्ञानाच्या पुस्तकातल्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात वाचतो की मुक्त पतनात सर्व वस्तूंचे त्वरण सारखेच असते, वस्तुमानाशी त्याचा संबंध नाही. तो हे वाक्य पाठ करतो, गुण मिळवतो आणि वाडीत परत आला की जड वस्तूच आधी पडते असे पूर्वीसारखेच मानू लागतो.

त्याचे डोळे खोटे बोलत नाहीत आणि पुस्तकही खोटे नाही. एका पडण्यात तीन प्रश्न गुंतलेले असतात. पृथ्वी वस्तूला कशी ओढते, हा पहिला. वाटेत हवा काय करते, हा दुसरा. खाली आल्यावर वस्तू कशी थांबते, हा तिसरा. पहिल्याच्या उत्तरात वजनाला जागा नाही, उरलेल्या दोहोंत आहे. तिन्हींच्या मागे चौथा प्रश्न उभा आहे: पहिल्याचे उत्तर असे का? तो आजही पुरता सुटलेला नाही. या चारही प्रश्नांची आजची स्थिती काय, ते रत्नागिरीतच उभे राहून पाहू.

जुना वाद आणि आपला वाटा

जड वस्तू वेगाने पडते, हे मत ॲरिस्टॉटलच्या नावावर आहे, पण ते मांडायला ॲरिस्टॉटल लागत नाही. रोजचा अनुभव तेच सांगतो. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने त्यावर पहिली मोठी शंका घेतली. वजनांत कितीही फरक असला तरी पडायला लागणाऱ्या वेळेत तितका फरक दिसत नाही, असे त्याने लिहून ठेवले.

भारतात या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. वस्तू कशी पडते यापेक्षा पृथ्वी स्वतः का पडत नाही, यावर इथे वाद झाला. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असल्याचे म्हटले आहे. आकाशातली जड वस्तू पृथ्वी आपल्याकडे ओढते, म्हणून ती पडल्यासारखी दिसते. पृथ्वीभोवती सगळीकडे सारखेच आकाश आहे, तेव्हा पृथ्वी पडेल तरी कुठे, असा त्यांचा प्रश्न आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. म्हणजे हा विचार महाराष्ट्राच्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला.

'न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी आम्ही गुरुत्वाकर्षण शोधले' असे मोबाइलवर फिरणारे संदेश मात्र या थोर माणसावर अन्यायच करतात. भास्कराचार्यांनी आकर्षणाची कल्पना मांडली. अंतर वाढले की ओढ किती घटते, पडणारी वस्तू सेकंदागणिक किती वेग घेते, याचा नियम त्यांनी दिलेला नाही. त्याच अध्यायात पृथ्वी सतत खाली पडत आहे असे मानणाऱ्या बौद्ध मताचे त्यांनी खंडन केले आहे. वर फेकलेली जड वस्तू पृथ्वीवर परत येते, मग पृथ्वी पडत असेल कशी, हा त्यांचा युक्तिवाद. त्याचे स्पष्टीकरण परंपरेने असे दिले जाते की पृथ्वी फारच जड, म्हणून ती अधिक वेगाने पडली असती आणि वर फेकलेला बाण तिला कधी गाठूच शकला नसता. म्हणजे जड ते आधी पडते, हे गृहीत इथेही पायाशी आहेच. सर्व वस्तू सारख्याच पडतात असे मानले की हा युक्तिवाद ढासळतो. भास्कराचार्यांचा निष्कर्ष बरोबर होता, पण त्या वाटेने तो सिद्ध होत नाही.

सिद्धान्तग्रंथांचा हा सारा इतिहास मराठीत सांगोपांग मांडणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ अभिमान आणि पुरावा यांची गल्लत न करता कसे लिहावे, याचा आजही वस्तुपाठ आहे.

गॅलिलिओचा हिशेब

पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने दोन गोळे सोडल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. ती आली त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून. तशी चाचणी त्याआधीच, १५८६ च्या सुमारास, हॉलंडमध्ये सायमन स्टेव्हिनने घेतली होती. एकापेक्षा दुसरा दहापट जड असे शिशाचे दोन गोळे त्याने तीस फुटांवरून सोडले आणि त्यांच्या आदळण्याचा आवाज एकच ऐकू आला.

गॅलिलिओचे खरे काम मनोऱ्यावरचे नाही, उतरत्या फळीवरचे आहे. सरळ पडणारी वस्तू मोजायला फार चपळ. म्हणून त्याने फळी तिरकी ठेवली, तिच्यावरून गोळा घरंगळत सोडला आणि भांड्यातून गळणारे पाणी तोलून वेळ मोजली. त्यातून निघालेला नियम १६३८ च्या त्याच्या ग्रंथात आहे. समान वेळांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. आजच्या भाषेत, एकूण अंतर म्हणजे त्वरणाचा अर्धा गुणिले वेळेचा वर्ग. पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५.

हा नियम पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पाऊस ओसरल्यावर कौलारू घराच्या पागोळ्या संथ गळतात तेव्हा एका जागचे थेंब नीट पाहावेत. दर ०.२ सेकंदाला एक थेंब सुटत असेल, तर नवा थेंब सुटण्याच्या क्षणी आधीचा २० सेंटिमीटर खाली असतो, त्याच्या आधीचा आणखी ५९ सेंटिमीटर खाली आणि त्याच्याही आधीचा आणखी ९८ सेंटिमीटर खाली. प्रमाण बरोबर १, ३, ५. हवेच्या अडथळ्यामुळे शेवटचे अंतर थोडे कमी भरते, पण वरपासून खालपर्यंत थेंब विरळ होत जाताना साध्या डोळ्यांनाही दिसतात.

जड आधी पडते या मतातली विसंगती गॅलिलिओने नुसत्या विचाराने उघडी पाडली. मोठा आणि लहान असे दोन दगड एकत्र बांधले तर काय होईल? लहान मंद असेल तर तो मोठ्याला मागे ओढेल आणि जोडी मोठ्यापेक्षा हळू पडेल. पण जोडी तर मोठ्यापेक्षाही जड, म्हणजे ती अधिक वेगाने पडली पाहिजे. एकाच गृहीतातून दोन उलटी उत्तरे येतात. गृहीत टाकून देण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

१६८७ मध्ये न्यूटनने याचे कारण सूत्रात बांधले. वस्तू दुप्पट जड असली तर पृथ्वी तिला दुप्पट बळाने ओढते, पण तिला हलवायलाही दुप्पटच बळ लागते. भागाकारात वस्तुमान उडून जाते. हाच हिशेब चंद्रालाही लागू पडतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट दूर आहे, म्हणून त्याचे पडणे साठाच्या वर्गाने, म्हणजे ३६०० पटींनी कमी. सेकंदाला ४.९ मीटरांऐवजी जेमतेम १.४ मिलिमीटर. तेवढे तो सरळ वाटेवरून पृथ्वीकडे वळतो, आणि तेवढेच त्याला कक्षेत राहायला पुरते.

रत्नागिरीचा आकडा

पुस्तकातला ९.८ हा आकडा सरासरीचा आहे. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तावर किंचित फुगलेली आहे, त्यामुळे गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग भरते. रत्नागिरी १७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीला. इथला सैद्धान्तिक आकडा सुमारे ९.७८५ येतो. उंचीवर गेले की तो घटतो, आणि पायाखालच्या खडकाची घनता त्यात थोडी भर किंवा तूट घालते. १८६५ पासून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॅप्टन बसेव्ही यांनी लंबक घेऊन देशभर हीच मोजणी केली. किनाऱ्यावर गुरुत्व अपेक्षेहून थोडे जास्त आणि डोंगराळ भागात थोडे कमी, असा कल त्यांना आढळला. डोंगरांच्या मुळाशी हलका खडक खोलवर गेलेला असतो, ही समजूत अशाच निरीक्षणांतून पक्की झाली.

एवढा सूक्ष्म फरक व्यवहारात किती जाणवतो? रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा पानवलचा पूल आहे. तो ६४ मीटर उंच असून देशातल्या उंच रेल्वेपुलांत गणला जातो. हवा नाही असे धरले तर त्या उंचीवरून सुटलेल्या वस्तूला खाली यायला ३.६ सेकंद लागतील आणि तळाशी तिचा वेग ताशी १२७ किलोमीटर असेल. ९.८ ऐवजी ९.७८५ घेतले तर वेळेत पडणारा फरक ३ मिलिसेकंदांहूनही कमी.

त्याच पुलाचे उदाहरण घेऊन एक जुना भारतीय वादही निकालात काढता येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे आर्यभटांनी ४९९ मध्ये मांडले. पुढच्या आचार्यांना ते पटले नाही. पृथ्वी फिरत असती तर पक्ष्यांना घरटी सापडली नसती, असा वराहमिहिरांचा आक्षेप होता. वर सोडलेला बाण पश्चिमेला पडला असता, असे लल्लांनी म्हटले. आक्षेप मोलाचा होता, कारण तो मोजून तपासता येण्याजोगा होता. प्रत्यक्षात घडते ते उलट. उंच जागेचा पूर्वेकडे फिरण्याचा वेग पायथ्यापेक्षा किंचित जास्त असतो. तो वेग वस्तू सोबत घेऊनच खाली येते आणि लंबरेषेच्या थोडी पूर्वेला पडते. न्यूटनने १६७९ मध्ये हूकला लिहिलेल्या पत्रात ही शक्यता सुचवली होती. १८३१ मध्ये जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणीत फर्डिनांड राइखने १५८ मीटर खोलीवर हे अंतर मोजले, ते २८ मिलिमीटर भरले. पानवलच्या उंचीला रत्नागिरीच्या अक्षांशावर ते सुमारे १ सेंटिमीटर येईल. वारा तेवढा चुकारपणा सहज करतो, म्हणून असे प्रयोग खाणीत होतात, पुलावर नाही.

हवेचा हात

दुसरा प्रश्न हवेचा. शाळेत सूत्राखाली बारीक अक्षरात 'हवेचा रोध नगण्य मानून' असे लिहिलेले असते आणि तिथेच विद्यार्थी आणि अनुभव यांची फारकत होते. हवेचा रोध वस्तूच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर वाढत जातो. वस्तूचा वेग वाढता वाढता एका टप्प्यावर रोध वजनाइतका होतो. मग वेग वाढायचा थांबतो. हा अंत्य वेग. जड वस्तूला त्या टप्प्यावर पोहोचायला फार वेग लागतो, हलक्या आणि पसरट वस्तूला थोडाच पुरतो. झावळी आणि नारळ यांच्यातला सारा फरक इथे आहे.

पावसाच्या थेंबांवर याची सर्वांत चांगली मोजणी झालेली आहे. अर्धा मिलिमीटर व्यासाचा झिमझिम पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने येतो, २ मिलिमीटरचा ६.५ मीटर वेगाने आणि ५ मिलिमीटरचा टपोरा थेंब ९ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. याहून फार मोठा थेंब टिकत नाही, हवाच त्याला फोडते. पाऊस सुरू होताना मोठे थेंब आधी येतात, याचे एक कारण हा वेगातला फरकच. हवा नसती तर दोन किलोमीटरवरून निघालेला प्रत्येक थेंब ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक वेगाने आदळला असता. मृगाच्या पहिल्या सरीने कौले, भातरोपे आणि माणसे यांची चाळण केली असती. थेंबाला अंत्य वेग गाठायला ढगापासून जमिनीपर्यंतचे अंतर लागत नाही. दोन मिलिमीटरचा थेंब पाच-सात मीटरांतच त्याच्या अगदी जवळ पोहोचतो. पाऊस म्हणजे मुक्त पतन नव्हेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभ्या वातबोगद्यात थेंब तरंगता ठेवून त्याचा अभ्यास केला आहे आणि महाबळेश्वरला सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळाही उभारली आहे. थेंबांचा आकार आणि वेग कळल्याशिवाय रडारवरून पावसाचा अंदाज नीट बांधता येत नाही, म्हणून हे संशोधन शेतकऱ्याच्या कामाचे आहे.

आंब्याचे गणित वेगळे. पाव किलोच्या हापूसचा अंत्य वेग सेकंदाला ४० मीटरांच्या पुढे जातो. दहा मीटर उंच कलमावरून पडताना तो १४ मीटरांच्या आसपासच पोहोचतो, त्यामुळे हवा त्याला फारशी अडवत नाही. अंतिम वेगात दोन-तीन टक्क्यांची घट, एवढाच तिचा वाटा. आंबा, नारळ, दगड यांच्यासाठी पुस्तकातले सूत्र रत्नागिरीच्या उंचींवर चांगले चालते. पान, झावळी, पाऊस यांच्यासाठी चालत नाही. कोणत्या वस्तूला ते लावायचे, हे कळणे म्हणजेच निम्मे भौतिकशास्त्र.

गॅलिलिओलाही हे ठाऊक होते. शंभर हात उंचीवरून शंभर शेर आणि एक शेर वजनाचे गोळे सोडले, तर ॲरिस्टॉटलच्या मते लहान गोळा नव्याण्णव हात मागे राहायला हवा. प्रत्यक्षात तो दोन बोटे मागे राहतो, असे त्याने लिहिले. ती दोन बोटे त्याने लपवली नाहीत. त्याच्यानंतर रिच्चोलीने बोलोन्याच्या आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडून, लंबकाने वेळ मोजून १६५१ मध्ये निष्कर्ष छापले. वेळेच्या वर्गाचा नियम त्याने पक्का केला आणि त्याच वेळी सारख्या आकाराच्या गोळ्यांत जड गोळा थोडा आधी येतो, हेही नोंदवले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मान्य करायला विज्ञानाला असे काटेकोर लोक लागले.

हवा पूर्ण काढून टाकली की वाद उरत नाही. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चे कमांडर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचे पीस सोडले. दोन्ही एकदमच चंद्राच्या मातीला टेकले.

आदळणे

तिसरा प्रश्न बागायतदाराच्या जिव्हाळ्याचा. पंधरा मीटर उंच माडावरून दीड किलोचा नारळ पावणेदोन सेकंदांत खाली येतो आणि ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने आदळतो. पण इजा पडण्याने होत नाही, थांबण्याने होते. तो वेग जितक्या कमी अंतरात नाहीसा होतो, तितके बळ जास्त. हाच नारळ पाच सेंटिमीटरांत थांबला तर सरासरी बळ साडेचारशे किलो वजनाइतके भरते. अर्धा मीटर अंतर मिळाले तर पंचेचाळीस किलोंइतकेच. माडाखाली खाट टाकू नये, गाडी लावू नये, हे घरातल्या थोरांचे सांगणे या आकड्यांनी तंतोतंत पटते.

आंबा उतरवण्याची सारी कला याच हिशेबावर उभी आहे. दहा मीटरांवरून कातळावर पडलेला आंबा वरून धड दिसला तरी आतून डागी होतो आणि आढीत सडतो. म्हणून तो देठासह झेल्याच्या जाळीत घेतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने याच कामासाठी 'नूतन झेला' तयार केला. कापलेला आंबा जाळीत वीस सेंटिमीटरच पडला, तर त्याचा वेग सेकंदाला २ मीटर आणि आघाताची ऊर्जा दहा मीटरांच्या तुलनेत पन्नासावा भाग. वर जाळी नमते, म्हणजे थांबायला जागाही मिळते. पेटीत मिळणारा भाव या दोन गोष्टींवर अवलंबून असतो.

दरडींचा प्रश्न याहून गंभीर आहे. एक टन वजनाचा धोंडा दहा मीटर खाली आला, तर त्याच्याजवळची ऊर्जा ताशी ५० किलोमीटरने धावणाऱ्या एक टनाच्या मोटारीइतकी होते. कोकण रेल्वेवर जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या धोंड्यांमुळे मोठे अपघात झाले. त्यानंतर कटिंगच्या उतारांवर पोलादी जाळ्या, उतार कमी करणे, पावसाळी गस्त आणि पावसाळ्यात गाड्यांचा कमी वेग यांवर भर वाढला. उतारावरून येणारा धोंडा मुक्त पडत नाही. तो गॅलिलिओच्या फळीवरच्या गोळ्यासारखा घरंगळतो, घासतो, उसळतो. त्यामुळे तो नेमका कुठवर येईल हे एका सूत्राने सांगता येत नाही, आणि जाळी कुठे बांधायची हा निर्णय अवघड होऊन बसतो.

पडताना वजन कुठे जाते?

आता चौथ्या प्रश्नाकडे. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या आइन्स्टाइनच्या मनात आले की उंचावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवणार नाही. त्याच्यासोबत पडणाऱ्या वस्तू त्याच्या शेजारीच तरंगताना दिसतील. सर्व वस्तू सारख्या पडतात, हे या विचाराचे मूळ. त्यातून १९१५ चा सामान्य सापेक्षता सिद्धान्त उभा राहिला. त्याच्या दृष्टीने मुक्त पडणाऱ्या वस्तूवर कसलेच बळ नसते. ती वाकलेल्या अवकाश-काळातून आपल्या सरळ वाटेने जात असते. जमिनीवर उभ्या असलेल्या आपल्यालाच जमीन वर ढकलत असते.

जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तरंगताना देशाने पाहिले. तिथे गुरुत्वाकर्षण नसते, असे अनेकांनी त्या वेळी सांगितले. ते चूक आहे. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण ८.७ आहे, रत्नागिरीच्या नव्वद टक्क्यांच्या जवळ. स्थानक आणि त्यातली माणसे एकत्र, सारख्याच त्वरणाने पडत असतात आणि आडव्या वेगामुळे पृथ्वीला सतत चुकवत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही. असे पडणे जमिनीवरही थोडा वेळ घडवता येते. मद्रासच्या आयआयटीत अडीच सेकंदांचा पतन-मनोरा आहे, जर्मनीत ब्रेमेनला पावणेपाच सेकंदांचा. तेवढ्या वेळात ज्वाला वजनाशिवाय कशी जळते यांसारखे प्रश्न तपासले जातात.

पण वस्तू खरोखर सारख्या पडतात का, आणि किती दशांश स्थळांपर्यंत? हंगेरीच्या ओत्वोशने १८९० च्या सुमारास पिळाच्या तराजूने दोन कोटींत एक भागापर्यंत फरक सापडत नसल्याचे दाखवले आणि पुढे ही अचूकता आणखी वाढवली. त्याच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून १९८६ मध्ये अमेरिकेत एफ्रायम फिशबाख आणि सहकाऱ्यांनी दावा केला की निसर्गात एक पाचवे बळ असावे आणि वेगवेगळे पदार्थ किंचित वेगळे पडत असावेत. जगभर खळबळ उडाली. या दाव्याची कठोर तपासणी करणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गट होता. त्याचे नेतृत्व नागपुरात जन्मलेल्या रामनाथ कौशिक यांच्याकडे होते. कर्नाटकातल्या गौरीबिदनूर येथे जमिनीखालच्या शांत प्रयोगशाळेत त्यांनी पिळाचा तराजू उभारला. पाचव्या बळाचा मागमूस लागला नाही आणि दावा मागे पडला.

'मायक्रोस्कोप' या फ्रेंच उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमचे दंडगोल अवकाशात पडते ठेवून २०२२ मध्ये अंतिम निष्कर्ष दिला. एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांत एक भाग इतक्या सूक्ष्मतेपर्यंत फरक नाही. प्रतिपदार्थ वर जाईल की खाली, ही शंका सप्टेंबर २०२३ मध्ये सर्न येथील प्रयोगाने मिटवली. प्रतिहायड्रोजन खालीच पडतो. त्याचे त्वरण साध्या हायड्रोजनइतकेच आहे का, हे अचूक सांगायला अजून मोजणी व्हायची आहे.

म्हणजे सारखे पडते, हे जवळजवळ पक्के. सारखेच का पडते, हे नाही. ओढले जाण्याचे वस्तुमान आणि हलायला विरोध करणारे वस्तुमान यांचा एकमेकांशी संबंध असावाच असे न्यूटनच्या सूत्रात काही नाही, तरी ते जुळते. आइन्स्टाइनने ही जुळणी गृहीत धरून पुढची इमारत बांधली. कोल्हापूरचे जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉइल यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात वस्तूचे जडत्व विश्वातल्या इतर सर्व पदार्थांमुळे येते, अशी वाट धरली. तो सिद्धान्त सर्वमान्य झाला नाही, पण प्रश्न नेमका ओळखणाऱ्या मोजक्या प्रयत्नांत त्याचे स्थान आहे. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हाही तो प्रश्न उघडाच होता. गुरुत्व आणि पुंजभौतिकी यांचा मेळ घालू पाहणारे अनेक सिद्धान्त सांगतात की पुरेशी अचूक मोजणी केली तर कुठेतरी फरक सापडेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेतले टांगलेले आरसे प्रकाशझोताच्या दिशेने जवळपास मुक्त पडणाऱ्या वस्तूंसारखेच वागतील. त्यांच्यामधल्या अंतरात होणारे अतिसूक्ष्म बदल म्हणजेच गुरुत्वीय लहरींची खूण.

शाळेने काय करावे

आढाव्याचा निष्कर्ष सरळ आहे. ओढ सर्वांना सारखीच पळवते, हवा भेद करते आणि जमीन हिशेब पुरा करते. आपल्या शिक्षणात पहिले वाक्य एकटेच शिकवले जाते, म्हणून ते अनुभवाशी जुळत नाही आणि परीक्षेनंतर विसरले जाते.

रत्नागिरीतल्या विज्ञान शिक्षकांना म्हणून एक विनंती. पावसाळा सुरू होण्याआधी, खाली कोणी नाही याची खात्री करून, शाळेच्या दहा मीटर उंच गच्चीवरून क्रिकेटचा चेंडू आणि टेनिसचा चेंडू एकाच वेळी सोडा आणि मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करा. दोघांना दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागेल. क्रिकेटचा चेंडू टेकेल तेव्हा टेनिसचा चेंडू साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर वर असेल. वजनांत पावणेतीन पटींचा फरक आणि दहा मीटरांच्या वाटचालीत अंतर वीतभर-दोन वीत. ॲरिस्टॉटल किती चुकला आणि सूत्र किती अपुरे पडले, दोन्ही एकाच चित्रणात दिसेल. ते ३५-४० सेंटिमीटर 'प्रयोगातली चूक' म्हणून वहीतून खोडू नका. ते कुठून आले, हे मुलांना शोधायला लावा. धडा त्यातच आहे.